मधमाश्यांना सांगायचं राहिलं होतं

या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसती वाचक आहे. कोणाला घाटात बाई दिसते, कोणाच्या बंद खोलीतला पंखा आपोआप फिरतो... वाचायला मजा येते, खोटं कशाला बोलू! पण विश्वास म्हणाल तर शून्य. मी धंदा करणारी बाई आहे. हळदीत किती ओलावा आहे ते मशीन सांगतं आणि मी ते मानते. अमावस्येला गाडी घेऊ नको म्हणणाऱ्या सासूबाईंना "मग त्या दिवसाचा डिस्काउंट तुम्ही देणार का?" असं विचारणारी सून मी. त्यामुळे आज मी इथे लिहायला बसलेय म्हटल्यावर माझा नवरा मिलिंद समोर बसून हसतोय. हसू दे. त्या संध्याकाळी तो तिथे नव्हता, मी होते.

आम्ही मूळचे सांगलीचे, पण दुबईत अल कुसैसला राहून आता वीस वर्षं उलटून गेली. इथेच इंडस्ट्रियल भागात आमचं मसाले आणि फरसाण पॅक करायचं छोटं युनिट आहे. मुलगी ईशा इथेच जन्मली, इथेच वाढली. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं व्यवस्थित भांडण होतं.

युरी आमच्याकडे पहिल्यांदा आला तो काचेच्या बरण्या कुठून घेता हे विचारायला. उंच, लालबुंद, डोक्यावर कापडी टोपी, पासष्टीच्या पुढचा गोरा माणूस. इथल्या एका पाणी-विजेच्या प्लँटवर इंजिनिअर म्हणून आयुष्य काढून रिटायर झाला होता, आणि मसाफीच्या अलीकडे डोंगरात एका स्थानिक शेतमालकाची जागा भाड्याने घेऊन मधमाश्या पाळत होता. मध उत्तम, पण विकायचा कसा हे त्याला कळत नव्हतं. आम्हाला विकता येत होतं. मग काय... मध त्याचा, बरणी, लेबल, गिऱ्हाईक आमचं. कागदोपत्री पार्टनर, प्रत्यक्षात दोन वर्षांत घरचा माणूस. त्याची बायको हांका — ती इथे बालवाडीत शिकवायची — दर शुक्रवारी आमच्याकडे येऊन पोळ्या लाटायला शिकू लागली. तिच्या पोळ्यांचे नकाशे व्हायचे, पण तिने सोडलं नाही.

मी सुरुवातीला सगळ्यांना "आमचा जर्मन पार्टनर" असं सांगायचे. एकदा युरीने ऐकलं आणि शांतपणे म्हणाला, "पासपोर्ट जर्मन आहे, मेधा. मी सोर्ब आहे." आता हे सोर्ब काय प्रकरण, मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. जर्मनीच्या पूर्वेला, पोलंडची हद्द जवळ येते तिथे, ही मंडळी शेकडो वर्षांपासून राहतायत. भाषा जर्मनशी नातं न सांगणारी, पोलिश आणि चेक भाषांची चुलत बहीण. बोलणारे इतके थोडे की आपल्याकडचा एखादा तालुकाही त्याहून मोठा भरावा. चारी बाजूंनी जर्मन, तरी ह्यांनी आपली भाषा, आपले सण, आपले पोशाख धरून ठेवलेत.

त्यांचं गाव म्हणजे तळ्याभोवती बसलेली तीसेक घरं. नाव मी इथे लिहीत नाही — एक तर मला ते धड लिहिता येणार नाही, आणि दुसरं म्हणजे तिथे उगाच पाहुण्यांची रांग लागायला नको. गावाच्या पाटीवर दोन्ही भाषांत नाव आहे. युरी सांगायचा, शाळेत असताना कोणी रात्रीत सोर्बियन नावावर काळा रंग फासायचं, आणि सकाळी शाळेत जाता जाता पोरं ते पुसून काढायची. चिडून नाही हं, रोजचं काम असल्यासारखी. मला त्या गावाचं तेव्हापासून कौतुक वाटायला लागलं. मी सांगलीसारख्या भरल्या शहरातून आलेली, माझ्यामागे कोट्यवधी माणसं मराठी बोलणारी, आणि माझ्या घरात मुलगी "भाजी वाढ" म्हटल्यावर "हाऊ मच?" विचारते.

या सगळ्या अमिरातीत त्यांची भाषा बोलणारी माणसं फक्त दोन, युरी आणि हांका. "आणि माश्या," युरी म्हणायचा.

चेष्टा नाही करत मी. तो पेट्यांशी बोलायचा. गावाकडून फोन आला की दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन एकेका पेटीसमोर उभा राहायचा आणि सगळी खबर द्यायचा. कोणाच्या गोठ्याचं छप्पर उडालं, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, करकोचे परत आले की नाही. मी म्हटलं, "अरे, या माश्या इथल्याच बाजारातून घेतलेल्या. त्यांना तुझी भाषा काय कळणार?"

तर म्हणतो, "तू ईशाला मराठीत ओरडतेस. तिला तरी कुठे कळतं?"

"आय अंडरस्टँड एव्हरीथिंग, युरी अंकल," ईशा आतून ओरडली, "आय जस्ट डोन्ट रिप्लाय."

"बघ," युरी म्हणाला, "माझ्या माश्यांचंही तेच."

हा आमचा युरी.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. इकडे तो सीदरच्या फुलोऱ्याचा मोसम. सीदर म्हणजे आपल्या बोरीचंच भावंड. त्याच्या मधाची इथलं अरबी गिऱ्हाईक वर्षभर वाट बघतं. हांका गावी गेली होती. त्यांच्याकडे शेतीची कामं उरकली की केरमुशा नावाचा सण असतो. घरोघरी ढीगभर केक भाजतात आणि सगळे नातेवाईक जमतात. बहिणीला मदत करायला म्हणून ती महिनाभर गेलेली. युरी मागे राहिला, कारण माश्यांना सुट्टी नसते.

त्या सकाळी तो मधाचे डबे घेऊन युनिटवर आला. चहा घेतला. "यंदा सीदर झकास आहे, यल्ला, चल, अजून बरण्या मागव," म्हणाला. मी बरण्यांच्या माणसाला फोन लावत होते. मागे वळून बघते तर हा खुर्चीत तसाच बसलेला, हात मांडीवर, मान किंचित कलती. मी हाक मारली. पुन्हा हाक मारली... अॅम्ब्युलन्स लवकर आली, हॉस्पिटलमध्ये त्यांनी खूप प्रयत्न केले, पण दुपार व्हायच्या आत सगळं खलास झालं होतं.

आता हांकाला सांगायचं.

मिलिंद म्हणाला, "आत्ता खरं सांगू नकोस. सीरियस आहे म्हण. बाई एकटी आहे, एवढा विमानप्रवास एकटीने करायचाय."

मला त्यात काही गैर वाटलं नाही. तुम्हालाही वाटणार नाही, कारण आपल्याकडे सगळे असंच करतात. माझे वडील गेले तेव्हा मलासुद्धा भावाने "जरा जास्त आहे, निघ" एवढंच सांगितलं होतं. पुण्याच्या एअरपोर्टवर घ्यायला भावाऐवजी धाकटे काका उभे दिसले, आणि मी समजले. माया असते हो त्यात. समोरच्याचे तेवढे चार-सहा तास तरी वाचावेत असं वाटतं.

मी फोन केला. तिच्या मागे भांड्यांचे आवाज, बायकांचं हसणं. म्हटलं, "हांका, युरीला बरं वाटत नाहीये. अॅडमिट केलंय. तू ये."

तिकडे भांड्यांचा आवाज थांबला. तिने एवढंच विचारलं, "त्याला दुखतंय का?"

"नाही," मी म्हटलं. माझ्या बोलण्यात तेवढं एकच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं तिकीट मिळालं असं तिने कळवलं. मिलिंद हॉस्पिटल, पोलीस, वकिलात अशा कागदपत्रांच्या मागे लागला आणि मी युनिटवर परत येऊन नुसती बसून राहिले. आम्ही कोणालाच काही सांगितलं नव्हतं. शेतावर अक्रम असतो — मुलतानकडचा, पन्नाशीचा गृहस्थ, युरीच्या हाताखाली सुरुवातीपासून. त्यालाही नाही. उगाच एकट्याने घाबरायला नको, हांका आली की मग सांगू, असा विचार.

तर दुपारी त्याचाच फोन.

"मॅडम, साब का फोन बंद आ रहा है. साब को बोलो जल्दी आए. मक्खी रो रही है."

"क्या कर रही है?"

"रो रही है, मॅडम. सब पेटी. सुबह से काम पे नहीं गई एक भी."

युरीचा फोन माझ्या पर्समध्ये होता, मीच बंद केलेला. मी म्हटलं, साब जरा बिझी आहेत, बघते. फोन ठेवला. ऐन फुलोऱ्यात माश्या बाहेर पडत नाहीत म्हणजे काय? मला एवढं माहीत होतं की माश्या एकदा बिथरल्या की अख्खी पेटी सोडून उडून जातात. त्या गेल्या असत्या तर युरीने इतक्या वर्षांत या वाळवंटात जे उभं केलं ते एका दिवसात संपलं असतं. हांका उद्या येऊन काय बघणार, रिकाम्या पेट्या? नवरा गेलेला आणि त्याच्या हातचं काही मागे नाही?

माश्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. विचारायचं तर हांकालाच. मी पुन्हा फोन लावला, आणि शक्य तितक्या सहज आवाजात अक्रम काय म्हणतोय ते सांगितलं.

ती म्हणाली, "तिथे जा, मेधा. आत्ता जा. मला तो आवाज ऐकव."

आमचं बोलणं नेहमी इंग्रजीतच चालायचं. इथे तुमच्यासाठी मराठीत लिहितेय.

मी निघाले. शारजा मागे टाकलं, मग धैद, मग रस्ता डोंगरात शिरतो. उन्हं कलायला लागली होती. शेताच्या फाटकाशी गाडी थांबवून दार उघडलं आणि मला तिथेच ऐकू आलं.

मधमाश्यांचा नेहमीचा आवाज तुम्ही ऐकला असेल. जुना फ्रीज चालू असावा तसा, एकसुरी, कामात असल्यासारखा. हा तसा नव्हता. हा वर जायचा, खाली यायचा, मध्येच तुटल्यासारखा व्हायचा आणि परत वर जायचा. कोणाकडे मयत झालं की आतल्या खोलीत बायका रडत असतात आणि आपण अंगणात चप्पल काढताना तो आवाज येतो — तसा. बोरींखाली दोन रांगांत मांडलेल्या चाळीसेक पेट्या, आणि प्रत्येकीतून तोच. दारांशी माश्यांचे गुच्छ लोंबत होते, उडत मात्र एकही नव्हती.

अक्रम म्हणाला, खाली वाडीत दुसऱ्या माणसाच्या पेट्या आहेत, तो जाऊन बघून आला. "उधर सब ठीक है, मॅडम. सिर्फ अपना."

मी हांकाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि पहिल्या पेटीजवळ धरला. मी माश्यांना भयंकर घाबरते. त्या दोन वर्षांत मी त्या रांगेपासून वीस पावलांच्या आत कधी गेले नव्हते. जाळीची टोपी नाही, हातमोजे नाहीत, अंगावर साधा कुडता-ओढणी.

हांका ऐकत राहिली. मग म्हणाली, "पुढची." मी पुढच्या पेटीपाशी नेला. "अजून एक."

तीन-चार पेट्या झाल्यावर ती बोलली, आणि तिचा आवाज अगदी शांत होता. "पेटीतली राणी मेली की माश्या असा आवाज करतात. एका पेटीत होतं असं. सगळ्या पेट्यांतल्या राण्या एका दिवशी मरत नाहीत."

"मग?"

"मग त्यांना कोणी सांगितलं नाही, मेधा."

"काय सांगितलं नाही?"

"जे तू मला सांगितलं नाहीस ते."

मी तिथे बोरीखाली उभी. हांका, मी... आम्हाला वाटलं... असं काहीतरी सुरू केलं, तर तिने मध्येच थांबवलं.

"मला नको सांगू. त्यांना सांग. आमच्या गावात घरचा धनी गेला की कोणीतरी आधी पेट्यांकडे जातं, मग गोठ्यात. किल्लीने टकटक करायची आणि सांगायचं. नाही सांगितलं तर त्या निघून जातात, नाहीतर झुरून मरतात. मी तिथे नाहीये. तू सांग. मी इथून ऐकते."

"मला तुमची भाषा कुठे येते?"

"तुझ्या भाषेत सांग."

मी गाडीची किल्ली काढली. पहिल्या पेटीवर टकटक केली. खरं सांगते, त्या क्षणी माश्यांची भीती कुठे गेली कळलं नाही, कारण दुसरी भीती त्याहून मोठी होती. सकाळपासून ते वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं. मिलिंद आणि मीसुद्धा एकमेकांशी "आता पुढचं बघू" असंच बोलत होतो.

म्हटलं, "युरी गेला. आज सकाळी गेला. चहा प्यायला आणि गेला. माझ्यासमोर. त्याला त्रास झाला नाही."

फोनमधून तिच्या श्वासाचा आवाज आला. तिला मराठीतला एकही शब्द येत नाही, पोळी आणि तूप सोडून. पण तिला कळलं. नवरा गेल्याची बातमी तिने माझ्या भाषेत ऐकली.

पेटीचा आवाज मात्र तसाच. उलट वाढलाच असं मला वाटलं.

"अर्धंच सांगितलंस," हांका म्हणाली. "आता त्यांचं कोण आहे ते सांग. त्यांना बिनमालकाचं सोडता येत नाही."

"तुझं नाव घेते."

"मी तिथे नाही. त्यांच्यासमोर जे उभं आहे त्याचं नाव घे."

मी इकडेतिकडे बघितलं. अक्रम लांब उभा होता. युरीचं नाव ऐकून तोही समजला असणार, कारण त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. पेटीसमोर उभी फक्त मी, जिने मधावर लेबलं चिकटवण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

"आता मी आहे," मी म्हटलं. "मेधा. मी आहे तुमच्यासाठी."

मिक्सरचं बटण बंद केल्यावर आवाज जसा उतरत उतरत थांबतो ना, तसा त्या पेटीतला आवाज उतरला. आणि नेहमीची गुणगुण सुरू झाली. एकाच पेटीतली. बाजूच्या सगळ्या रडतच होत्या.

माझ्या अंगावर तेव्हाही काटा आला होता, आता लिहितानाही आलाय.

"पुढची," हांका म्हणाली.

मी पुढच्या पेटीशी गेले. टकटक. युरी गेला. आता मी आहे. ती शांत झाली. मग तिसरी. एकेका पेटीला तेच, आणि प्रत्येक वेळी फोनवर ती ऐकतेय. पहिली रांग संपेपर्यंत माझा आवाज फुटला होता आणि मी ओक्साबोक्शी रडत होते, पण सांगायचं थांबवलं नाही. तीही मला थांब म्हणाली नाही. दुसऱ्या रांगेचं टोक गाठलं तर सगळं शांत, फक्त कुठूनतरी एकच आवाज येत होता. अक्रमने हात करून दाखवलं. बोरीच्या बुंध्यामागे एक पेटी एकटी ठेवलेली होती, ती मला दिसलीच नव्हती. तिलाही सांगितलं. तीही गप्प झाली.

मग हांका तिच्या भाषेत बोलली. बरंच बोलली, थांबत थांबत. माश्यांशी की युरीशी ते मी विचारलं नाही. मी फोन उंच धरून उभी राहिले. संपल्यावर ती मला म्हणाली, "थँक यू. सगळे केक जळले आहेत." आणि तेव्हा कुठे ती रडली.

आता स्पष्टीकरणं. मिलिंदचं म्हणणं, संध्याकाळ झाली की माश्या शांत होतातच. होतात, मान्य! पण मग एकेक करून, मी टकटक करीन त्या क्रमाने होतात? आणि झाडामागची चुकलेली पेटी माझी वाट बघत रडत बसते? ईशा म्हणाली, "मॉम, युअर ब्रेन वॉज इन शॉक." असेल बाई. पण अक्रमचा ब्रेन तर शॉकमध्ये नव्हता, त्याला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं, आणि मला बोलावलं त्यानेच. कोणी म्हणालं, मोठ्या गांधीलमाश्यांनी हल्ला केला असेल. त्यांनी खालच्या वाडीला बरं सोडलं! नंतर वाडीतल्या त्या दुसऱ्या पाळणाऱ्याला बोलावून आम्ही पेट्या उघडून बघितल्या. प्रत्येकीत राणी जिवंत. अंडी घातलेली. राणी नसल्याचं रडणं होतं आणि राण्या सगळ्या जागेवर होत्या... तो डोकं खाजवत परत गेला.

दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर हांका बाहेर आली ती डोक्याला पांढराशुभ्र रुमाल बांधून. त्यांच्या भागात जुन्या बायका दुःखात पांढरं नेसतात. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "नको. तू मला आधी सांगितलंस हे फार बरं झालं. नाहीतर विमानात मी आशा धरून बसले असते. ते मला नको होतं. मला तेवढा वेळ त्याच्यासाठी हवा होता."

आपण ज्याला माया समजतो त्याच्याकडे त्या गावातली माणसं असं बघतात. तिने युरीला गावी नेलं.

पेट्या माझ्याकडेच आहेत. नाव घेतलं ते घेतलं. अक्रमने मला शिकवलं, मी हातापायांना यथेच्छ चावे खाल्ले, आता जाळीची टोपी घालून मी आठवड्यातून दोनदा तिथे असते. आणि हो, बोलते त्यांच्याशी. मराठीत. अजून एकही पेटी सोडून गेलेली नाही.

मागच्या जूनमध्ये मी हांकाकडे जाऊन आले. तळं, कडुलिंबासारखी डेरेदार झाडं, चिमणीवर करकोच्याचं घरटं, सायकलवरून घोळदार काळा झगा सांभाळत जाणारी सत्तरीची बाई... युरीने सांगितलेलं सगळं तिथे होतं, तसूभर वाढवून सांगितलेलं नव्हतं. पाटीवरची दोन्ही नावं स्वच्छ. दफनभूमीत सगळे क्रूस पांढरे, लाकडी, एकाच उंचीचे. श्रीमंत-गरीब काही नाही. जो ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने झोपलेला. युरीचा शोधायला वेळ लागला, आणि मला ते फार आवडलं. अशा तीस घरांच्या गावाने इतकी वर्षं टिकून राहायला काय लागत असेल याचा विचार करत मी तिथे बराच वेळ बसले.

संध्याकाळी युरीचा थोरला भाऊ मला घरामागच्या बागेत घेऊन गेला. ऐंशी ओलांडलेला, काठी टेकत चालणारा. माझ्याशी बोलायला त्याच्याकडे कुठलीच भाषा नव्हती. सफरचंदाच्या झाडांखाली त्यांच्या घरच्या जुन्या पेट्या आहेत, वडिलांच्या वेळच्या. त्याने खिशातून घराची किल्ली काढली आणि पहिल्या पेटीवर टकटक केली. मी दचकलेच. म्हटलं, आता कोण गेलं?

हांका माझा हात धरून म्हणाली, "कोणी नाही. घरात नवीन माणूस आलं तरी सांगतात."

म्हातारा बोलत होता, हळूहळू, पेटीकडे वाकून. मध्ये माझं नाव ऐकू आलं. मग पुढच्या पेटीपाशी गेला, परत टकटक, परत माझं नाव. मी सांगलीची मेधा, त्या बागेत हात जोडून उभी राहिले.

"काय सांगतोय?" मी विचारलं.

"सांगतोय की आपल्या युरीच्या पेट्या तिकडे हिच्याकडे आहेत. म्हणजे ही आपली आहे."

त्याने शेवटच्या पेटीवर किल्ली वाजवली, माझं नाव घेतलं, आणि आतली गुणगुण थांबली. अगदी थांबली. आम्ही तिघेही तसेच उभे राहिलो. मग ती परत सुरू झाली, आणि म्हाताऱ्याने मान डोलावून किल्ली खिशात टाकली. याचं मी काय समजायचं ते मला अजूनही कळलेलं नाही.